दाराकडं पाठ

माझ्या लेकीनं नवरा सोडला. माझ्याकडं राहा म्हटलं, तर म्हणाली, "पुन्हा कुणाच्या दारात नको, आबा." म्हणून आम्ही दोघं तिच्यासाठी खोली बघत हिंडलो. परवडणारी मिळाली ती पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी सुरू झाली की भिंत थरथरते, म्हणून भाडं कमी.

घरमालकीण म्हणाली, "एकटीच राहणार होय गं?"

"का, खोली भिते का एकटीला?" लेक म्हणाली. जीभ आईची घेतलीय.

मग शेगडी ठेवायच्या कोपऱ्यात ती फतकल मारून बसली. आमची पहिली खोली बघताना तिची आई अशीच बसली होती. भाकरी थापताना दार दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी दारात दिसलो की ती भाकर तव्यावर टाकायची.

"दार दिसतं का?" मी विचारलं.

लेक बसल्या जागी वळली. दाराकडं पाठ, खिडकीकडं तोंड. "आता कुणाची वाट बघायचीय? मला उजेड पाहिजे."

बरोबरच आहे तिचं. वाट बघणं बायकांचं काम, असं म्हणतात. तिची आई गेल्यापासून ते माझ्याकडं आलंय. माणूस येणार नाही हे ठाऊक असतं, तरी मान तिकडंच वळते.

खोली घेतली. मी घरी आलो, भात शिजवला आणि जेवायला बसलो. दाराकडं तोंड करून.