आहुपे, दोन गॅरेज आणि एक जळकी वायर

रोज संध्याकाळी माझ्याबरोबर चहा पिणाऱ्या विलासला आहुप्याच्या आश्रमशाळेत मास्तरकीची ऑर्डर आली आणि त्याला सोडायला जायचं मी ठरवलं. ठरल्या दिवशी शाळा सुटायच्या आत तो हजर झाला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. एसटीचा भरवसा नाही, म्हणून सकाळीच त्याच्या मोटरसायकलवर नारायणगाव सोडलं. या नव्या गाडीला किक नाही. बॅटरी बसली की मालकानेही बसायचं. वर याने धुक्यासाठी दोन जादा दिवे बसवून घेतले होते. बसवणारा गॅरेजवाला ‘एक्सपर्ट’ होता, असं त्याच्या पाटीवर लिहिलं होतं.

कळंबला चहाला थांबलो आणि गाडी चालूच होईना. शेजारच्या मेकॅनिकने सीटही न उघडता निदान केलं.

“बॅटरी गेली. नवी टाका.”

बाराशे रुपये गेले. इंजिन चालू झाल्यावर मी माझा नेहमी खिशात असणारा व्होल्टमीटर बॅटरीला लावला. रेस दिली की काटा चौदा व्होल्टच्या आसपास चढायला हवा. तो बारावरून हलेना.

“चार्जिंगच होत नाय भाऊ,” मी म्हटलं.

“नवी बॅटरी हाय, राव. भराया येळ लागतो.”

बादलीला नळच जोडला नाही, तरी ती भरायला वेळ लागतो, हे ज्ञान फुकट मिळालं. विलास मात्र माझ्यावरच वैतागला. “गप बस. उशीर होतोय.”

मंचरची मिसळ तिखट आणि उत्तम. पेट्रोल घोडेगावलाच भरून घ्या, पुढे मिळत नाही. डिंभ्याचं धरण मागे टाकून घाट चढू लागलो, तर धुकं दाटलं. विलासने सगळे दिवे लावले. थोड्याच वेळात दिवे पिवळे पडले, इंजिन आचके देऊन बंद झालं.

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. “नोकरी गेली रे,” एवढंच म्हणाला. त्याचा आवाज ऐकून टोमणा बाजूला ठेवला आणि पाना हातात घेतला.

मी सीट काढली. बॅटरी चार्ज करणाऱ्या रेक्टिफायरकडून बॅटरीकडे येणारी वायर ‘एक्सपर्ट’ने कापून, जादा दिव्यांच्या वायरीशी नुसती पिळून वर टेप गुंडाळली होती. आत तांबं जळून काळं पडलं होतं. मी जळका भाग कापला, दिव्यांची वायर तोडून टाकली, मूळ जोड घट्ट बांधला. पण चालू करायला बॅटरीत जीव नव्हता.

तेवढ्यात घोडेगावकडे निघालेली, माणशी पैसे घेऊन प्रवासी नेणारी वडापची जीप थांबली. ड्रायव्हरने बघताक्षणी सांगितलं, “पावणं, बॅटरी गेलीया.”

मी वाद घातला नाही. त्याच्याकडच्या वायरींनी जीपची बॅटरी आमच्या बॅटरीला जोडून घेतली आणि बटण दाबलं. इंजिन लागलं, जीपच्या वायरी काढल्या, रेस दिली. काटा चौदाला गेला.

“बगा, म्या म्हनलं व्हतं, बॅटरीच,” ड्रायव्हर समाधानाने म्हणाला आणि निघून गेला.

पोहोचलो तेव्हा मुलं दप्तरं भरत होती. हेडमास्तर कुलूप हातात घेऊन दारात उभे होते. “लई वाट बगाया लावली, गुरुजी,” म्हणत त्यांनी विलासची सही घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने मला देवराई दाखवली. इतकी गर्द सावली की दिवसाही पायाखालची वाट शोधावी लागली. मग गाडी त्याच्याकडे ठेवून मी एसटीने परतलो.

घरी आल्यावर सगळे विचारतात, आहुपे कसं आहे. जा, पण मीटर घेऊन जा, असं सांगतो. गॅरेजवाल्यांविषयीचं माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही. फक्त संध्याकाळी चहाला आता मी एकटाच असतो आणि वाटतं, गाडी धड असती तर आम्ही दुपारीच पोहोचलो असतो. विलासबरोबरचा तो घाटातला वेळ त्या अडाण्यांनीच मला दिला.