जावयाने दिलेली पाती

ऑरिन हौगेन दुकानातून कॉफीची पुडी आणली की आधी वजनकाट्यावर ठेवायचा, मग डब्यात ओतायचा. लाकडाचे ट्रक चालवण्यात त्याची हयात गेली, आणि त्या हयातीत आपल्याला कुणी टोपी घातली नाही ती केवळ संशयी स्वभावामुळे, असं त्याचं ठाम मत. बायको ट्विला म्हणायची, "दारात देव उभा राहिला ना ऑरिन, तरी तू त्याचं ओळखपत्र मागशील."

"मागेन की! देव असेल तर दाखवेल," हा म्हणायचा.

त्या वर्षी एल्कच्या सोडतीत त्याचं नाव निघालं. सांबराहून थोराड असा तो नर धनुष्याने मारायचा परवाना आमच्या डोंगरात सहजासहजी लागत नाही; माणसं जन्मभर अर्ज भरत राहतात. ऑरिनला तर पुन्हा अर्ज भरण्यात अर्थच नव्हता. उजवा खांदा कामातून गेला होता. एवढा हंगाम धनुष्य ओढ आणि मग ते खुंटीला टांग, असं डॉक्टरने बजावलं होतं.

अशात जावई गार्थने बाणाची पाती भेट दिली. तीन पाती, कोरी करकरीत, डबीत ठेवलेली. मराठीत जावयाला दहावा ग्रह म्हणतात. ऑरिनला मराठी येत नव्हतं, पण ग्रह पुरता ठाऊक होता! गार्थ शहरात विम्याच्या कंपनीत होता. त्याने आयुष्यात उंदीर मारला नव्हता, आणि तो चालला सासऱ्याला शिकारीची पाती द्यायला. वर दर नाताळात याचा एकच घोशा: "ऑरिन, हे घर विका आणि आमच्याजवळ येऊन राहा."

ऑरिनने पातं खिडकीशी धरून उलटसुलट केलं. शिकारीच्या नियमपुस्तिकेत साफ लिहिलं होतं की पात्याला मागे वळलेला काटा नको. असल्या पात्याने शिकार केली तर शिकारही जप्त, धनुष्यही जप्त. आणि या पात्याची मागची कड जरा मागे झुकलेली वाटत होती. वाटत होती की होती? ऑरिनला ते ठरवता येईना.

"पकडला जाऊ दे म्हातारा, मग आपोआप डोंगर सोडेल. असा डाव आहे त्याचा," तो ट्विलाला म्हणाला.

"काहीतरीच बडबडू नकोस. शंका आहे ना? मग शिकार खात्याला फोन कर. एका मिनिटाचं काम."

"म्हणजे माझं नाव त्यांच्या डोक्यात बसेल. जो विचारतो त्याच्यावरच पाळत ठेवतात हे लोक."

"मग गार्थला विचार."

"चोराला विचारू, चोरी केलीस का?"

गावातल्या शिकारीच्या दुकानात मात्र तो जाऊन आला. "एका मित्राची आहेत," म्हणत त्याने पाती दाखवली. दुकानदारीण हसून म्हणाली, "मित्राला सांगा, चालतात म्हणून." झालं! ती हसली का, यावर याने दोन दिवस डोकं शिणवलं. शेवटी गॅरेजात एकेक पातं पकडीत आवळलं आणि कानशीने मागची टोकं घासून पार सपाट केली. काट्याचं नावच नको. मग कुठे त्याला शांत झोप लागली.

हंगामात त्याने नर पाडला, आणि तो एकाच बाणात. खांद्यातून कळा निघत होत्या, तरी त्या जनावराशेजारी गुडघे टेकून तो लहान मुलासारखा रडला. मांस खाली आणायला गार्थ रजा काढून आला होता. पाठीवर ओझं घेऊन त्याने डोंगराच्या खेपा घातल्या, खांदे सोलवटले, पण तक्रारीचा शब्द काढला नाही. एवढा राबतोय त्या अर्थी नक्कीच काहीतरी मागणार, असा हिशोब ऑरिन मागून चालता चालता करत होता.

रस्त्याला लागताच तपासणी नाका होता. शिकार खात्याच्या वॉर्डन रेनिक बाईंनी परवाना बघितला, अभिनंदन केलं, आणि खिशातून एक पितळी कडं काढलं. पातं कड्यात अडकलं तर नियमात, सुटलं तर बाद. ऑरिन निर्धास्त उभा होता. बाईंनी पातं कड्यात धरलं आणि ते सुळकन पलीकडे गेलं.

"रुंदी कमी आहे, ऑरिन." त्यांनी दुसरं घातलं, तिसरं घातलं. तिन्ही पाती गेली.

"याने दिलीत!" ऑरिन गार्थकडे बोट करून ओरडला. "पहिल्यापासून मला माहीत होतं! बाई, हे सगळं याचंच कारस्थान आहे!"

रेनिक बाई गार्थकडे बघत राहिल्या. "उन्हाळ्यात फोन करणारे तुम्हीच ना? सासऱ्यांना भेट द्यायचीय, नियमात बसणारी पाती सांगा, म्हणून?"

"हो, मीच," गार्थ म्हणाला.

"ही पाती मीच सुचवली होती यांना. चांगली रुंद असतात." बाईंनी पात्याच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं. पातं सगळ्यात रुंद तिथेच असतं. "इथे कानस कुणी मारली?"

ऑरिनने जमिनीकडे बघितलं. "मी," तो म्हणाला.

बाईंनाही वाईट वाटलं, पण नियम तो नियम. मांस त्यांच्या गाडीत चढलं, त्यावर शिंगं गेली आणि शेवटी धनुष्य गेलं. ते मात्र ऑरिनने स्वतःच्या हाताने दिलं.

घराकडे येताना गार्थ गाडी चालवत होता.

"मला वाटलं, तू मला अडकवतोयस," ऑरिन म्हणाला.

"ठाऊक होतं. ट्विलाने सांगितलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस रे? शिकार खात्याला विचारून घेतलीत, एवढं सांगायचं होतंस!"

गार्थने समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. "ऑरिन, मी सांगितलं असतं, तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"