फोरोचा जुना हॉर्न

फोरोच्या गाडीला प्रेशर हॉर्न मी बसवला. माझ्याच हातांनी, आणि वर दात काढत. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको.

तेलेस्फोरो त्याचं पूर्ण नाव, पण आमच्या तिठ्यावर एवढं नाव घ्यायला सवड कुणाला? मोटरसायकलवर सवाऱ्या नेणारे बारा जण इथे उभे असतात, त्यांतला तो सगळ्यात जुना. मागे एक बाई, मधे कोंबड्यांची टोपली, हँडलला हिरव्या केळ्यांचा घड, असा निघायचा. मी समोरच्या आंब्याखाली गाड्या दुरुस्त करतो. त्याच्या थोरल्या लेकीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता झालो, म्हणून तो मला कोंपाद्रे म्हणायचा आणि मी त्याला.

त्याचा हॉर्न म्हणजे सगळ्यांच्या थट्टेचा विषय. घसा बसलेला, मधेच फाटणारा. "फोरो, बकरीला पाणी पाज रे, मरेल बिचारी!" बाकीचे ओरडायचे. तो आपला हसायचा.

पण त्या बकरीला एक काम होतं. त्याची आई, दोन्या इडालिया, म्हणजे इडालियाबाई, नागुआ गावाच्या रस्त्यावर वळणाला राहायची. डोळे पार गेलेले. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायची. आमच्याकडे आई-बाप दिसले की आधी आशीर्वाद मागायचा, मग बाकीचं बोलायचं. न मागणारा कार्टा वाया गेला म्हणून समजा. फोरो दिवसातून आठदा त्या दारावरून जायचा. मागे सवारी, थांबणार कसा? मग तो दोनदा हॉर्न वाजवायचा. त्याचा अर्थ, "आशीर्वाद, आई." म्हातारी हात वर करून म्हणायची, "देव तुझं भलं करो, बाळा." मागची सवारीसुद्धा "आमेन" म्हणायची.

एकदा त्याच वळणावर भाताच्या ट्रकनं त्याला चारीत घातलं. हॉर्न वाजवला होता, पण ऐकतो कोण? गुडघे फुटले, तेवढ्यावर निभावलं. मी भडकलो. "कोंपाद्रे, मरायचंय का तुला? हे खेळणं काढ आणि प्रेशर हॉर्न लाव."

"आईला हा आवाज ओळखीचा आहे रे," तो म्हणाला.

"मग नवा ओळखीचा होईल! आंधळी आहे ती, बहिरी नाही!"

सगळे खो खो हसले. फोरोही हसला. ते वाक्य आठवलं की मला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सीटखाली कॉम्प्रेसर, पुढे दोन लाल कर्णे, बॅटरीवरून थेट वायर, मधे रिले. तासाभराचं काम. पहिल्यांदा दाबला तेव्हा किराणा दुकानातल्या माणसाच्या हातून साखर सांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुना हॉर्न मी डब्यात टाकला आणि संध्याकाळी भंगारवाल्याला देऊन टाकला. फोरोला विचारलंसुद्धा नाही.

ट्रकवाले वाट देऊ लागले, हे खरं. खोटं कशाला बोलू? पण ट्रकांनाही तसलाच हॉर्न असतो, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. पंधरा दिवसांनी त्या वळणावरून जात होतो. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, म्हातारीनं हात वर केला. दुसरा गेला, पुन्हा हात. मी थांबलो.

"दोन्या इडालिया, अहो, तो भाताचा ट्रक होता."

"असेल," ती म्हणाली. "मी सगळ्यांनाच देते. त्यात एखादा माझा असेल."

मी जाऊन फोरोला सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. "कोंपाद्रे, माझा जुना बसवून दे." आता कुठून देऊ? धुंडाळून तसलाच एक आणला, बसवला. तो वाजवून आईच्या दारावरून गेला, तर म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "नवीन कुणी आलंय का गं तिठ्यावर?" हात मांडीवरच.

मग त्यानं प्रत्येक खेपेला थांबायला सुरुवात केली. उतरायचा, आशीर्वाद मागायचा, पुन्हा किक. आठवडाभर चाललं. सवाऱ्या कुरकुरायला लागल्या, "फोरो, बाजार उठेल बाबा." पुढे कापणीची घाई लागली आणि तो पुन्हा लाल कर्ण्यांवर आला. त्याला कोणत्या तोंडानं दोष देऊ?

कापणीतच एका दुपारी दोन्या इडालिया खुर्चीत बसल्या बसल्या गेली. त्या दुपारी फोरो दोनदा तिथून गेला होता. दोन्ही वेळा हॉर्न वाजवला. हात वर आला नाही. त्याला वाटलं, डुलकी लागली असेल.

नऊ दिवसांच्या प्रार्थनेला आम्ही तिच्या अंगणात बसलो होतो, हातात आल्याचा चहा. एक ट्रक वळणावर हळू झाला. दोनदा वाजवून गेला. थोड्या वेळानं दुसरा, तोही दोनदा. इतक्या महिन्यांत ट्रकवाल्यांना म्हातारीच्या हाताची सवय लागली होती. ती गेल्याचं त्यांना कोण सांगणार?

"ऐकतोयस?" फोरो म्हणाला. "या सगळ्यांना मिळाला. शेवटचा कुणाला मिळाला असेल रे, कोंपाद्रे?"

तेवढ्यात आणखी एक ट्रक वाजवत आला. फोरोनं रस्त्याकडे बघितलं आणि हात वर केला.