मास्तर ठाण्यात गेले होते

निपाणीच्या हायस्कुलात तम्मण्णा उपरी नावाचे एक मास्तर होते. इतिहास आणि मराठी शिकवायचे. अंगानं काटकुळे, डोक्याला काळी टोपी, आणि ऐकताना समोरच्याच्या तोंडाकडे असं टक लावून बघायचे की थाप मारणाऱ्याची जीभ अडखळावी. मूळचे शहापूरचे, विणकराच्या घरातले. घराण्यात मॅट्रिक झालेले पहिले तेच.

त्यांच्या लहानपणी शहापुरात प्लेग आला होता. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. सरकारी डॉक्टर टोचायला आला तशी गल्लीत आवई उठली की सुई टोचली की माणसाचं रक्त नासतं, पलीकडच्या आळीत धडधाकट माणसं पटापट मेली. तम्मण्णाचे वडील मष्णू माग तसाच टाकून उसाच्या फडात जाऊन लपले. आई भावकू हट्टी. "मेलेलं एक तरी दावा मला," म्हणाली आणि दंड पुढं करून पोरासकट टोचून घेतलं. वडील त्या साथीत गेले, मायलेक राहिले. पुढं कैक वर्षं ती मागाशी बसल्या बसल्या मधूनच म्हणायची, "कुणी बघितलंतं रं? एकानं तरी बघितलंतं?"

मास्तर झाल्यावर तम्मण्णांनी पोरांना तेच शिकवलं. पुस्तक बाजूला ठेवायचे, आणि बाजारात त्या आठवड्याला जी बातमी गाजत असेल ती फळ्यावर लिहायचे. मग पोरांनी ती कुठून निघाली ते शोधत जायचं. स्वतः पाहिलेलं कोणतं, पाहणाऱ्याकडून ऐकलेलं कोणतं, आणि ऐकणाऱ्याकडून ऐकलेलं कोणतं, ते वेगळं करायचं. आणि हे खरं धरलं तर फायदा कुणाचा, हेही विचारायचं. एकदा कोल्हापुरावर जपानी विमान फिरल्याची बातमी आली. गुंडू नावाचा पोरगा तिच्या मागं लागला. सर्व्हिस मोटारच्या ड्रायव्हरला क्लीनरनं सांगितलेलं, क्लीनरला कागलच्या चहावाल्यानं, आणि चहावाल्यानं घार बघितलेली. वर्ग हसून लोळला. बेळगावच्या एका सभेला एका वर्तमानपत्रानं दहा हजार माणसं लिहिली आणि दुसऱ्यानं हजार, तेव्हा मास्तरांनी सहलीला म्हणून पोरांना बेळगावला नेलं, त्याच मैदानात खेटून बसवलं आणि एवढ्या जागेत किती माणूस मावतं ते त्यांनाच मोजायला लावलं.

या पोरांत भरमा सगळ्यांच्या पुढं. गावाच्या कडेला त्यांची तंबाखूची शेती होती. बाप नव्हता, आई, भरमा आणि धाकटा भाऊ परसू. भरमाचं डोकं असं की मास्तरांनी अर्धं बोलावं आणि त्यानं उरलेलं पुरं करावं. "खोटं एकटं येत न्हाय, खऱ्याचं बोट धरून येतं," असं मास्तर एकदा म्हणाले, तर भरमानं विचारलं, "मग सगळी वाक्यं खरीच लिवून खोटं सांगता येतं का, मास्तर?" मास्तर खूश झाले. तो अख्खा तास त्यांनी त्यावरच घालवला. भरमाला त्यांनी स्वतःच्या घरी बसवून शिकवलं. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोनं, रुक्माबाईनं, त्याच्यासाठी एक वेगळी ताटली ठेवली होती.

बेचाळीसच्या पावसाळ्यात चळवळ पेटली. भरमा नुकताच मॅट्रिक झाला होता. त्यानं, गुंडूनं आणि आणखी काही पोरांनी एका वखारीच्या माळ्यावर, तंबाखूनं भरलेल्या बोदांच्या थप्पीमागं, पत्रकं छापायचं यंत्र दडवलं. पत्रकं गावोगाव जाऊ लागली. मास्तरांना यंत्र कुठं आहे ते माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. पण पत्रकात ऐकीव काही आलं की ते भर वर्गात म्हणत, "हे कुणी बघितलं? आपल्या बाजूचं हाय म्हणून तपासायचं न्हाय काय?" काही पोरांना ते झोंबायचं. मास्तर सायबाच्या बाजूचा दिसतोय, असं कोणी कोणी बोलू लागलं.

अशात परसू पकडला गेला. सोळा वर्षांचं पोर, पिशवीत पत्रकं घेऊन चाललं होतं. दिवेलागणीला भरमा मास्तरांच्या दारात आला. दार रुक्माबाईनं उघडलं. तो उंबऱ्यावरच खाली बसला.

"मास्तर, परसूला धरलंय. मारत्यात त्येला. म्या गेलो तर मलाच धरतील. फौजदार तुमास्नी मानतोय. तेवढं जाऊन या."

मास्तर म्हणाले, "उद्या फौजदार ठाण्यात आला की जातो. तू हितंच बस. जेवून घे."

दुसऱ्या दिवशी, बाजार उठायच्या वेळेला, मास्तर ठाण्यात गेले. फौजदाराशी तासभर बोलले, पोराच्या वयाचा दाखला दिला, स्वतः जामीन राहतो म्हणाले. फौजदार वाकड्या चालीचा पण तोंडाचा गोड माणूस. "तुमच्या शब्दाबाहेर नाही, मास्तर," म्हणत दारापर्यंत सोडायला आला. संध्याकाळी परसू सुटला. आपल्या शब्दानं सुटला असं मास्तरांना वाटलं, आणि त्या रात्री ते पोटभर जेवले.

त्याच आठवड्यात वखारीवर धाड पडली. पोलीस इकडंतिकडं न बघता थेट माळ्यावर चढले. यंत्र गेलं. गुंडू आणि दोघं जण सापडले, त्यांची रवानगी हिंडलग्याच्या तुरुंगात झाली. भरमा त्या दिवशी शेतावर होता म्हणून वाचला.

आणि मग कुठून तरी दुसरं यंत्र मिळवून एक पत्रक निघालं. सकाळी मास्तर वर्गात गेले तर टेबलावर ते ठेवलेलं, आणि सगळी पोरं मान खाली घालून बसलेली. त्यांनी वाचलं:

"खालील मजकूर चौकशी करून दिला आहे. मंगळवारी बाजार उठण्याच्या वेळी तम्मण्णा मास्तर ठाण्यात गेले होते. पानाचे दुकान चालवणाऱ्या जयाबाई आणि हमाल रवळू यांनी त्यांना स्वतः पाहिले आहे. मास्तर फौजदाराशी आत बसून बोलले. फौजदार त्यांना दारापर्यंत सोडायला आला. त्यानंतर त्याच आठवड्यात वखारीवर धाड पडली. फायदा कोणाचा झाला, हे वाचकांनी ठरवावे."

मास्तरांनी ते पुन्हा वाचलं. खोटं वाक्य एकही नव्हतं. साक्षीदार पाहणारे, ऐकणारे नव्हेत. वेळ बरोबर. ठरवायचं काम वाचकावर सोडलेलं. परसूचं नाव मात्र कुठंच नव्हतं. वाचता वाचता त्यांना कळलं की हे लिहिणारा हात आपण ओळखतो. वर्षभर या हाताच्या निबंधांवर आपण लाल शाईनं 'उत्तम' लिहीत आलोय.

त्यांनी वर्गाकडं बघितलं. "कुणाला मला काय विचारायचंय?"

कोणी विचारलं नाही. मागच्या बाकावरचा एक उठला आणि बाहेर गेला. मग दुसरा गेला, आणि बघता बघता वर्ग रिकामा झाला.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. हजामानं दुकानात घेतलं नाही. रुक्माबाई पाण्याला गेली की आडावरच्या बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. एक दिवस दाराला डांबर फासलेलं मिळालं. शाळेच्या कमिटीनं बोलावून, चहा पाजून, "वातावरण निवळेपर्यंत" रजा घ्यायला सांगितलं.

मास्तर भरमाच्या शेतावर गेले. तो तंबाखूचे शेंडे खुडत होता. हात चिकानं काळे झालेले. मास्तरांना बघून त्यानं हात धोतराला पुसले, पण जवळ आला नाही.

"भरमा, मला ठाण्यात कुणी धाडलंतं?"

"म्या."

"मग त्ये पत्रकात का न्हाय?"

भरमानं हातातला शेंडा खाली टाकला. मग एकदम बोलू लागला, "पोरं पेटलीती, मास्तर. त्यास्नी नाव पायजे हुतं. परसूचंच निघालं असतं. फौजदारानं पट्ट्यानं फोडलं त्येला, मग बोललं त्ये पोर. पोरांनी जित्ता ठेवला नसता त्येला. आईला काय सांगणार हुतो म्या?"

"म्हणून माझं नाव घातलंस."

"तुमच्या अंगाला कोण हात लावणार न्हाय. तुमी जाणतं माणूस. चार दिवस बोलत्यात लोक, मग इसरत्यात."

मास्तर बांधावर बसले. आपण जामीन राहून, शब्द टाकून पोराला सोडवलं असं समजत होतो. फौजदारानं तर हवं ते आधीच काढून घेतलं होतं, आणि आपल्याला दारापर्यंत सोडायला आला होता.

"परसू बोलला हे माझ्या तोंडातनं जाणार न्हाय," ते म्हणाले. "मारून बोलायला लावलं पोराला, त्यात त्येचा काय दोष? पर तू गावाला एवढंच सांग, मास्तरास्नी म्या धाडलंतं. मला दुसरं काय बी नगं."

"सांगतो."

"कवा?"

"सांगतो, मास्तर. जरा निवू द्या. आईची आण."

मास्तरांनी दिवाळीपर्यंत वाट बघितली. मग संक्रांतीपर्यंत. उन्हाळ्यात कमिटीनं रजेचा राजीनामा करून घेतला, तेव्हा नवरा-बायको बाडबिस्तरा घेऊन शहापूरला, चुलतभावाच्या घरी आले. शिकवणीला पोरं मिळेनात, कारण निपाणीची कुजबुज त्यांच्या आधीच मोटारीनं आली होती. भाऊ मागावर बसायचा, मास्तर त्याच्यासाठी सूत गुंडाळून कांड्या भरायचे. रुक्माबाई चिडायची. "बोला की वो एकदा! कुणी बलावलंतं, त्ये मी सांगते जाऊन. दार मी उघडलंतं!"

"आणि परसू?"

मग ती चुलीकडं वळायची. कधी म्हणायची, "त्या ताटलीत जेवलाय त्यो." मास्तर पुढची कांडी घ्यायचे. ते रात्ररात्र जागे असायचे ते भरमापायी नव्हे. भरमानं भावासाठी केलं, हे मन एका कोपऱ्यात समजून घ्यायचं. पण वर्गात चाळीस पोरं होती. जपानी विमानाचा माग काढत कागलपर्यंत जाणारी पोरं. त्यातलं एकही उठून दोन पावलं टाकत घरी आलं नाही आणि म्हणालं नाही, मास्तर, तुम्ही ठाण्यात कशाला गेलता? हा सल उपटता उपटत नव्हता.

सेहेचाळीस साली एक दिवस गुंडू आला. तुरुंगातून सुटून त्याला बराच काळ झाला होता. खोकला जडला होता. दारात उभा राहून त्यानं सरळ विचारलं.

"मास्तर, तुमी आमास्नी धरून दिलंसा काय?"

"न्हाय."

"ठाण्यात गेलता?"

"गेलतो. परसूला सोडवाय. भरमा बोलवाय आलता, हिनं दार उघडलं." मास्तरांनी हातातली कांडी खाली ठेवली. "चार वर्सं लागली तुला, गुंडू?"

गुंडू मटकन खाली बसला. तुरुंगात पहिली दोन वर्षं आम्ही रोज तुम्हाला शिव्या दिल्या, म्हणाला. मग एक दिवस ध्यानात आलं, पोलीस थेट माळ्यावर चढले. माळा मास्तरांना कुठं ठाऊक होता? तो ठाऊक असलेलं, आणि धाडीच्या आधी ठाण्यात जाऊन आलेलं माणूस एकच होतं.

"त्याच्या पुढचं मला इचारू नगंस," मास्तर म्हणाले.

"कळलं तवाच यायला पायजे हुतं. लाज वाटली."

"लाज वाटली व्हय," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका चढला की आतला माग थांबला. "मला न्हाय वाटली कांड्या भरताना?"

तरी त्यांनी त्याला जेवू घालूनच धाडलं.

गुंडूनं निपाणीत तुरुंगातून आलेल्यांच्या सत्काराच्या सभेत उभं राहून भरमाला सगळ्यांदेखत विचारलं, मास्तरांना ठाण्यात कोणी धाडलं? भरमा तोवर पुढारी झाला होता, व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेला. परसू केव्हाच गाव सोडून मिरजेला रेल्वेत लागला होता. आता त्याच्या जिवाला धोका उरला नव्हता. भरमा म्हणाला, "पत्रक कुणी लिहिलं मला ठाऊक न्हाय. मास्तर ठाण्यात गेलते, एवढं सगळ्या गावाला ठाऊक हाय."

अर्ध्या गावाचा गुंडूवर विश्वास बसला, अर्ध्याचा नाही. पण शाळेत शिक्षक कमी होते, कमिटीत माणसं बदलली होती, आणि सत्तेचाळीसच्या जूनमध्ये मास्तरांना परत बोलावणं आलं. रुक्माबाई म्हणाली, "त्या गावचं पाणी नगं मला." मास्तर म्हणाले, "मला वर्ग पायजे." आणि दोघं परत गेली.

पहिल्याच महिन्यात त्यांनी ते जुनं पत्रक अक्षर न अक्षर फळ्यावर लिहिलं, आपल्या नावासकट. पोरं चपापली, प्रत्येकाच्या घरी ती गोष्ट सांगून झालेली होती. "ह्यात काय कमी हाय, सांगा," मास्तर म्हणाले. मग चंद्रा नावाची मुलगी चाचरत उठली. "मास्तर, तुमी कशाला गेलता त्येच न्हाय ह्यात. आणि तुमास्नी इचारलं, असं बी कुठं लिवलेलं न्हाय."

मास्तरांनी मान हलवली आणि खिडकीकडं वळले. मग त्यांनी पत्रकाखाली तिची दोन्ही वाक्यं लिहिली.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात झेंडा लागला. पाहुणा म्हणून भरमाला बोलावलं होतं. पांढरीशुभ्र टोपी, गळ्यात हार. मास्तरांना ओळीत उभं बघून तो सगळ्यांदेखत त्यांच्याकडं चालत आला आणि वाकला. मास्तरांनी पाय मागं घेतले. भरमाचा हात मातीवर टेकला.

"पाया पडू नगंस," मास्तर हलकेच म्हणाले. "वर जा आणि बोल."

भरमा वर गेला. स्वातंत्र्यावर बोलला, हिंडलग्यात गेलेल्या पोरांवर बोलला, गुरूच्या ऋणावर तर सगळ्यात जास्त बोलला. टाळ्या पडल्या. मास्तर पोरांच्या ओळीशी हात बांधून शेवटपर्यंत उभे होते.

घरी आले तेव्हा रुक्माबाई दारातच होती.

"बोलला?"

"लई बोलला."

"त्ये?"

मास्तरांनी टोपी काढून खुंटीला लावली. "न्हाय," म्हणाले.