भिंतीवरचा लोणा

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत दर्शना माझ्या समोरच्याच खोल्यांत राहते. ऑफिसात कारकून. सव्वाआठला डबा घेऊन जिना उतरते, संध्याकाळी भाजी घेऊन चढते. थोरामोठ्यांनी सांगितलं की करायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. हा गुण आहे असं मी बरीच वर्षं म्हणत होते.

गेल्या श्रावणात तिने मला बोलावलं. सहा वर्षांच्या मुलीसाठी, मनवासाठी, आतली खोली मोकळी केली होती. तिथलं कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर पांढुरका, कापसासारखा थर.

"बाई, ही बुरशी तर नाही ना?"

मी दारातूनच पाहिलं, तेही चष्म्याशिवाय. "बुरशी कसली? लोणा आहे तो. जुन्या भिंतीतलं मीठ वर येतं. ब्रशने खरवड आणि रंग मारून घे. गणपती तोंडावर आलेत."

मी तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. माझ्या शब्दाला चाळीत कोणी उलट विचारत नाही.

रविवारी दर्शनाने कोरड्या ब्रशने भिंत घासली. पंखा चालू, मनवा पलंगावर चित्रं रंगवत बसलेली. मग वरून रंग. गणपतीला आलेल्यांनी खोलीचं कौतुक केलं. मनवाचा खोकला मात्र त्याच आठवड्यात सुरू झाला तो थांबेना. छाती शिट्टीसारखी वाजायची. दर्शनाच्या सासूबाईंना, कालिंदीबाईंना कारण ठाऊकच होतं. "ऑफिसातून येताना आइसक्रीम आणते ना. भोगा आता." दर्शनाने आइसक्रीम बंद केलं.

महिन्याभराने डॉक्टरांनी विचारलं, मूल झोपतं त्या खोलीत ओल आहे का? दर्शना तडक माझ्याकडे आली. या वेळी मी चष्मा लावला. नव्या रंगाला फोड आले होते आणि फोडांतून तोच थर. त्यावर चमचाभर पाणी टाकलं. मीठ विरघळलं असतं. हे विरघळलं नाही.

"बुरशीच आहे. तू बरोबर होतीस," मी म्हटलं.

मनवाला माझ्या घरी हलवलं. आधी वरच्या मजल्यावरच्या मोरीचा गळका पाइप बदलून घेतला, नाहीतर सगळं फुकट. मग आतलं दार बंद, खिडकी उघडी, तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि कोरडं घासलं की बुरशी हवेत उडते म्हणून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यांनी पुसणं. फडकी पिशवीत बांधून टाकली, गादीही काढून टाकली. दर्शना ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड ओतायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला. त्यातून विषारी वायू निघतो. एवढं तरी मला नीट येत होतं. भिंत पूर्ण सुकेपर्यंत रंग लावायचा नाही, असं ठरलं.

कालिंदीबाईंना मी सरळ सांगितलं, "आइसक्रीमचा काही संबंध नव्हता. चूक माझी."

"असू दे हो बाई, होतं असं माणसाच्या हातून." सुनेला महिनाभर ऐकवलं आणि मला एका वाक्यात सोडलं.

मनवाची शिट्टी कमी झाली आहे, गेलेली नाही. श्वासाचा पंप दप्तरात असतो.

"माझ्या माहेरी भिंतींना लोणा यायचा," दर्शना परवा म्हणाली. "हाताला मिठासारखा खरखरीत लागतो. हा लागला नव्हता. घासतानाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?" मी म्हटलं. माझा आवाज चढलेला मलाच ऐकू आला.