उजव्या बोटाची शाई

"दोन बोटांना शाई? दोनदा मत टाकलंस की काय? तुमच्या मोखाड्याकडे चालत असेल म्हणा!"

लोकसभेचा निकाल लागत होता. आमच्या औषध कंपनीच्या कॅन्टीनमध्ये टीव्हीसमोर सगळा विभाग जमला होता. विचारणारे सर माझे विभागप्रमुख. माझ्या दोन्ही तर्जनींच्या नखांवर काळी रेघ होती. डावीकडची माझ्या मताची, उजवीकडची बाच्या. बा म्हणजे माझे वडील. त्याला दिसत नाही. अंध मतदाराबरोबर आत जाणाऱ्या सोबत्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावतात. हा नियम मी शांतपणे सांगितला.

"म्हणजे बापाचं मत तूच दिलंस," सर म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून इतरांना, "बघा. या आदिवासींना कुठलं बटण दाबायचं तेही दुसऱ्याने सांगावं लागतं."

सगळे हसले. मीही हसले.

आरोप खोटा असता तर तिथेच उत्तर दिलं असतं.

मतदानाच्या सकाळी मोखाडा तालुक्यातल्या, खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावरून केंद्रापर्यंत बा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला. वाटेत बजावलं, "वरून चौथा. इसरू नको."

"त्यालाच का?"

"बाजारात आला तवा माझा हात धरून माझ्याशी बोलला. बाकीचे तुला इचारतात, तुझा बापूस कसा हाय. मी तिथंच उभा असतो."

मला ते कारण हास्यास्पद वाटलं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली. उमेदवारांची कामं तपासून, तुलना करून मी माझा निर्णय घेतला होता. बाचा निर्णय मला सदोष मोजमापासारखा वाटला, आणि मी तो दुरुस्त केला. चौथं सोडून माझ्या उमेदवाराचं बटण दाबलं. यंत्राचा लांबलचक आवाज आला. बाचा चेहरा उजळला.

"चौथाच ना गं?"

"हो, बा."

निकालाच्या संध्याकाळी माझा उमेदवार निवडून आला. बाचा पडला. फरक इतका मोठा की एका मताने काहीच बिघडलं नव्हतं. खोलीवर येऊन हे गणित मी पुन्हा पुन्हा मांडलं. उत्तर दरवेळी माझ्या बाजूने आलं. तरी जेवण गेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत मोजमापातली चूक माफ होते. नमुना बदलणाऱ्याला माफी नसते. मी नमुना बदलला होता.

फोन बानेच केला. "पडला ना आपला? पडू दे. माझा मत हाय त्यात."

मजेत होता. तो आनंद मला सहन झाला नाही. सांगून टाकलं.

मागे आई कोंबड्यांना हाकत डालाखाली कोंडत होती. मग बा म्हणाला, "लोकांना म्हाईत नाय, म्हणून ते मना येडा समजतात. तुला माझा कारन म्हाईत होता."

मी माफी मागितली.

"माफीचा काय करू? पुढल्या टायमाला तू भायेर थांब. बटणा हाताला लागतात. मी मोजीन."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सर तोच किस्सा दुसऱ्या विभागातल्या पाहुण्याला सांगत होते. मी समोर बसलेली असताना, माझ्याकडे बोट दाखवून. बाजारात बा असाच उभा राहत असेल.

"सर, मी इथे आहे. माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्याशी बोला."

"अगं, गंमत चाललीय. काल तूही हसलीस की!"

"हसले. त्याची लाज वाटते. सर, माझ्या बापाने कुठलं बटण ते सांगितलं होतं. कारणही सांगितलं होतं. त्याला कळत नाही असं ठरवून मी दुसरं दाबलं. तुम्ही आमच्या अख्ख्या तालुक्याबद्दल तेच ठरवलंय. आपण दोघं एकाच माळेचे मणी. मी त्यातून बाहेर पडतेय."

कोणी हसलं नाही. सरांनी चहाचा कप उचलला, प्यायला मात्र नाही.

एवढ्याने माझी चोरी फिटत नाही. ते मत आता कोणी परत मोजणार नाही. नख वाढेल, शाई निघून जाईल. त्या भरवशावर मी राहणार नाही. पुढच्या मतदानाला बाला केंद्राच्या दारापर्यंत नेईन आणि बाहेर थांबेन. तो परत आला की खांदा पुढे करेन. मत कोणाला दिलं, हे विचारणार नाही.