न मोजलेले चोवीस सेल

त्या सकाळी मी एकाही सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवला नव्हता. रजिस्टरमध्ये मात्र चोवीस सेलपुढे चोवीस वेळा १२५० लिहून सही ठोकली होती. चहा गार होत होता, एवढंच कारण.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी इलेक्ट्रिशियन होतो. गोदामात डिझेलच्या इंजिनाला मज्जाव होता, म्हणून तिथली फोर्कलिफ्ट बॅटरीवर चालायची. रात्रभर ती चार्जरला लावायची आणि सकाळी प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची घनता हायड्रोमीटरनं मोजायची. १२५० म्हणजे बॅटरी भरलेली. ११५० ला गाडी उभी करायची. चार्जर म्हणजे पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट. तीन फेजची वीज त्यातल्या डायोडांमधून गेली की बॅटरीला हवी तशी एका दिशेची होऊन बाहेर यायची. आदल्या संध्याकाळी त्याच्या मीटरचा काटा जरा खाली दिसला होता. मीटर अडकलं असेल म्हणून मी काचेवर टिचकी मारली आणि निघून गेलो.

मे महिना होता. अकराच्या सुमारास लाईट गेली.

जुन्या शीतगृहात लाकडी पॅलेटांवर रचलेले पेरॉक्साइडचे कॅन होते. गार असेपर्यंत ते गरीब; एकदा तापायला लागलं की आपलं आपणच तापत जातं आणि मग स्फोट. त्या शीतगृहाला जनरेटर नव्हता. नव्याला होता, पण ते चढावर, पाव किलोमीटर लांब.

"आठ पॅलेट आहेत," शिफ्टचे साहेब म्हणाले. "तासाभरात वर गेली पाहिजेत. बॅटरी फुल आहे ना?"

रजिस्टर त्यांच्या हातातच होतं. मी म्हणालो, "आहे."

ते वळले, तसा मी गाडीकडे पळालो. हायड्रोमीटर बुडवला. ११९०. दुसऱ्यात ११८५. चार्जरचं दार उघडलं तर एका फेजचा फ्यूज काळा पडलेला. रात्रभर बॅटरीला अर्धपोटीच ठेवलं होतं.

फोर्कलिफ्ट चालवणारे दादा देवरूखकडचे, पन्नाशीचे. मुंबईच्या गोदीत वीस वर्षं काढून इकडे आलेले. पहिलं पॅलेट उचलून ते निघतच होते. मी गाडीला आडवा गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पॅलेट खाली टेकवलं. मग विचारलं, "किती खेपा होतील?"

"नेहमीसारखं चालवलंत तर पाच."

"मग मी आठ कशा करू, ते सांग. बाकीचं मागनं बोलू."

"हळू चालवू नका. वेगाच्या दांड्याच्या पहिल्या दोन नॉचवर निम्मी वीज रेझिस्टन्समध्ये नुसती तापून जाते. सरळ शेवटच्या नॉचवर टाका आणि तिथेच ठेवा. पॅलेट जमिनीपासून वीतभरच उचला. परतताना उतारावर बंद करून सोडा."

"काय बोलतंस तू? हा माल घेऊन जोरात जाऊ?"

"हळू गेलात तर चढावर अडकाल."

दादांनी टोपी घट्ट केली. गाडी हिसका देऊन सुटली, तसे वरचे कॅन एकमेकांवर आपटले.  दोन माणसं ओल्या गोणपाटांनी पॅलेट झाकत होती आणि साहेब जुन्या शीतगृहाच्या दारात थर्मामीटर धरून उभे होते. प्रत्येक खेपेनंतर मी एकाच सेलची घनता बघत होतो. सहाव्या खेपेला ११५५. सातव्या खेपेनंतर मी बघितलंच नाही.

आठवं पॅलेट घेऊन गाडी चढाच्या मध्यावर थांबली. मोटर घुमली आणि गप्प झाली. ऊन थेट कॅनवर.

"ढकलूया!" कुणीतरी ओरडलं.

"हात लावू नका, मागे घरंगळली तर चेंगराल," मी म्हणालो. "चावी बंद करा, दादा. बॅटरीला दहा मिनिटं विसावा मिळाला तर थोडी सावरते."

"आणि नाय सावरली तर?"

मी बादली उचलली. गोणपाटावर पाणी ओतत राहिलो. साहेब थर्मामीटर घेऊन गाडीपाशी आले होते; दर मिनिटाला आकडा सांगत होते आणि दर वेळी तो वाढलेला होता. दादा खाली उतरले नाहीत. मी त्यांना उतरा म्हणालो, तर म्हणाले, "ब्रेक कोण धरील, तुझा बापूस?"

दहा मिनिटांनी त्यांनी चावी फिरवली आणि दांडा एकदम शेवटपर्यंत ओढला. गाडी कण्हली, हलली, रांगत रांगत चढली. नव्या शीतगृहाच्या दारातून आत गेली आणि तिथेच कायमची बसली. पार रिकामे होऊन तीन सेल उलटे झाले होते, अधिक टोक उणे झालं होतं. ती बॅटरी पुन्हा उभी राहिली नाही.

मी साहेबांकडे गेलो आणि रजिस्टरमधली माझी सही दाखवली. त्यांनी चोवीस आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे मला अकरा वाजता सांगायचं होतं." तीन दिवस मला घरी बसवलं.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये दादा माझ्या शेजारी येऊन बसले. जगबुडी नदीच्या पुलावर त्यांनी विचारलं,

"घरी काय सांगणार?"

"माहीत नाही."

"उद्या माझी रजा सुरू होते. गावी विहिरीचा गाळ काढायचाय, माणूस मिळत नाय. येतंस?"

मी गेलो. तीन दिवस कमरेइतक्या चिखलात उभा राहून घमेली भरून वर दिली. त्या तीन दिवसांत दादांनी कारखान्याचा एक शब्द काढला नाही.